वर कोण, खाली कोण

आमच्या ह्यांना रस्त्यावर कोणी नावानं ओळखत नाही. सगळे ‘थांबा’ म्हणतात. ‘थांबा आहेत का दुकानात?’, ‘थांबांकडून टायर बदलून घेतला’, असं. आता त्यात लोकांची काही चूक नाही. ट्रक दुकानासमोर येऊन उभा राहिला रे राहिला की हे दोन्ही हात वर करून आतून ओरडत येतात, ‘थांबा!’ ट्रक थांबलेलाच असतो बिचारा. ड्रायव्हर म्हणतो, ‘थांबलोय की काका.’ तर हे म्हणतात, ‘अजून थांबा.’

मला तोंडावर वहिनी म्हणतात. पाठीमागे ‘चला’ म्हणतात, हेही मला ठाऊक आहे. ह्यांनी थांबा म्हटलं की मला ‘अहो, चला, उरका’ म्हणावं लागतं, त्याला मी तरी काय करू? दोघांपैकी एकानं तरी म्हणायला नको का?

ट्रकचे टायर बदलायचं आमचं दुकान. एक खोली, पुढे शटर, दाराशी हवेचा कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून बघायला पाण्याची टाकी आणि भिंतीला रचलेले जुने टायर. हात ह्यांचे, तोंड माझं, अशी वाटणी आहे. गिऱ्हाईक चिडलं की माझ्याकडे येतं, आणि गिऱ्हाईक रोज चिडतं.

का नाही चिडणार? दुसरीकडे जॅक लावतात, ट्रक उचलतात, चाक काढतात, दुसरं बसवतात, झालं. आमच्याकडे आधी रस्त्याची परीक्षा. हे खिशातून एक गोटी काढतात आणि डांबरावर ठेवतात. गोटी घरंगळली तर ट्रक पुढे घ्या, मागे घ्या, पुन्हा गोटी. मग हँडब्रेक ओढलाय का, गाडी गियरमध्ये आहे का, ते स्वतः ट्रकला खांदा लावून, ढकलून बघणार. ड्रायव्हरच्या शब्दावर विश्वास नाही. मग जी चाकं उचलायची नाहीत त्यांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, आणि प्रत्येक ठोकळ्याला एक लाथ. ठोकळा हलला नाही की स्वारी खूश. मग चाक जमिनीवर असतानाच नट थोडे थोडे सैल करायचे, कारण ट्रक वर उचलल्यावर पान्याला झटके देणं म्हणजे यमाला मिस्ड कॉल देणं, असं ह्यांचं म्हणणं. मग जॅकखाली जाड फळी. जॅकशेजारी लोखंडी घोडी, म्हणजे जॅकनं दगा दिलाच तर ट्रक तिच्यावर टेकावा. एवढं होईतो ड्रायव्हरचा चहा पिऊन होतो, बायकोला फोन करून होतो, फोनवर भांडण होतं आणि मिटतंसुद्धा.

आणि तरीही उचलायचं नाहीच! आधी हजेरी. जॅकचा दांडा हातात घेऊन हे खच्चून ओरडतात, ‘वर कोण?’ आजूबाजूच्यांनी उत्तर द्यायचं, ‘कोणी नाही!’ मग ‘खाली कोण?’ पुन्हा ‘कोणी नाही!’ उत्तर आलं नाही तर काम पुढे सरकत नाही, आणि काम सरकलं नाही तर रस्ता मोकळा होत नाही. म्हणून झक मारत सगळा रस्ता ओरडतो. समोरचा मेडिकलवाला गोळ्या कापता कापता ओरडतो. शेजारचा सलूनवाला गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून ‘कोणी नाही!’ करून ओरडतो, आणि नवीन गिऱ्हाईक असलं तर ते खुर्चीत पांढरंफटक पडतं.

घरी तरी वेगळं असेल असं वाटतं का? कप्पाळ माझं. खाटेखालचा केर काढायला मी खाट उचलली की हे दुसऱ्या खोलीतून धावत येतात. दोन पायांना विटा, मग हजेरी. आमची लेक अभ्यास करता करता वर न बघता म्हणते, ‘वर कोणी नाही, खाली झुरळ आहे.’ तिच्या जन्माच्या वेळी मी कळा देतेय, नर्स मला चाकाच्या स्ट्रेचरवर घालतेय, आणि आमचे साहेब दवाखान्याच्या बागेतून दोन दगड घेऊन आले आणि स्ट्रेचरच्या चाकांना लावून बसले. डॉक्टर म्हणाले, ‘अहो, ब्रेक आहे त्याला.’ हे म्हणाले, ‘ब्रेक ट्रकलाही असतो डॉक्टर.’ मग मला ऑपरेशनच्या खोलीत न्यायची वेळ आली तर स्ट्रेचर हलेना. दगड निघेनात. पायानं ठोकून इतके घट्ट बसवले होते ह्यांनी! मी त्या अवस्थेत जे काही बोलले ते नर्सबाई अजून भेटली की आठवून हसते.

लोक हळू आवाजात मला विचारतात, ‘वहिनी, ह्यांच्या डोळ्यांदेखत कुणी दबलं होतं का हो?’ डोळ्यांत पाणी आणायची तयारी करूनच विचारतात. नाही हो. कुणी नाही दबलं. मीही लग्नानंतर एकदा हेच विचारलं होतं, तर म्हणाले, ‘नाही दबलं ना? मग, ते काय उगीच?’ पालथ्या घड्यावर पाणी.

तर एक दिवस दुपारी आमच्या दुकानासमोर एक ट्रक फटदिशी आवाज करून बसला. पुढचं डावं चाक. रस्ता आमचा अरुंद, त्यामुळे ट्रक बसला म्हणजे रस्त्याचं बूच झालं. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या लादलेल्या, एकात एक घालून पार आभाळापर्यंत. खुर्च्यांच्या कडेला दोरीनं बांधलेलं एक शिलाई मशीन आणि एक पत्र्याची पेटी. ड्रायव्हर उतरला. चाळिशीचा असेल, घामाघूम. ‘काका, जरा लवकर. संध्याकाळच्या आत पोचायचंय.’

‘थांबा,’ हे म्हणाले.

गोटी ठेवली. गोटी शहाण्यासारखी जागेवर राहिली. ठोकळे झाले, लाथा झाल्या, नट सैल झाले, फळी झाली. हे दांडा घेऊन बसले आणि ओरडले, ‘वर कोण?’

आणि ट्रकच्या केबिनमधून बारीक पण खणखणीत आवाज आला, ‘मी!’

तुम्हाला सांगते, सगळा रस्ता गप्प झाला. इतक्या वर्षांत ह्या प्रश्नाला असं उत्तर कधी आलंच नव्हतं. मेडिकलवाला ‘कोणी’पर्यंत आला होता, त्याचं ‘नाही’ घशातच राहिलं. ह्यांनी दांडा खाली ठेवला आणि मान वर करून बघितलं. खिडकीत एक म्हातारी. चष्मा, पांढरा अंबाडा, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

‘आजी, खाली उतरा,’ हे म्हणाले.

‘नाही उतरायची.’

‘आई, उतर ना गं,’ ड्रायव्हर म्हणाला. ‘दोन मिनिटं फक्त.’

‘तुझी दोन मिनिटं मला माहितीयेत,’ म्हातारी म्हणाली आणि तिनं काच वर केली.

झालं! घोडं अडलं. ड्रायव्हर ह्यांच्या मागे लागला, ‘काका, उचला हो. चिमणीएवढी आहे ती. तिचं वजन ते काय?’

हे म्हणाले, ‘वजनाचा प्रश्नच नाही. माणूस हलतो. पुढचं चाक हवेत असताना वर कुणी नुसतं खिडकीशी वाकलं, दार उघडलं, तरी गाडी जॅकवरून सरकते. शिंकसुद्धा चालायची नाही मला.’

‘ती नाही शिंकणार.’

‘लिहून घेऊ का तिच्या नाकाकडून?’

आता मला उठावंच लागलं. ही बायकांची गोष्ट बायकांनीच मिटवावी म्हणून मी चहा केला, पेला घेतला आणि पायरीवर चढून काच ठोठावली. काच एवढीशी खाली आली. मी म्हटलं, ‘आजी, खाली या, सावलीत बसून चहा घ्या.’

तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी चहात काही कालवलंय! म्हणाली, ‘तूही त्यातलीच का?’

मग तिनं सांगितलं ते असं. तिला हा धाकटा, एक थोरला आणि मध्ये एक लेक. गेल्या खेपेला धाकट्यानं तिला असंच ट्रकमध्ये बसवलं. ‘ताईकडे जरा डोकावू,’ म्हणाला. लेकीच्या दाराशी म्हणाला, ‘आई, तू उतर, चहा घे, मी गाडी वळवून आणतो.’ ती उतरली. चहा घेतला. गाडी वळली ती वळलीच. वर्षभर लेकीकडे होती, जावयाची तोंडं बघत. मग जावयानं एक दिवस धाकट्याच्या दाराशी आणून सोडली, ‘सासूबाई, तुम्ही बेल वाजवा, मी गाडी लावून येतो’ असं म्हणून. ‘आणि आता हा म्हणतोय दोन दिवस दादाकडे राहून येऊ. तूच सांग बाई, दोन दिवसांसाठी शिलाई मशीन कोण नेतं?’

माझा चहाचा हात तसाच राहिला. तिनंच काच आणखी चार बोटं खाली करून तो पेला आत घेतला आणि म्हणाली, ‘मी आता ह्या गाडीतून उतरणार ती माझ्या घराच्या दाराशीच. नाहीतर इथेच मरेन, पण बसून मरेन.’

मी खाली येऊन ह्यांना सगळं सांगितलं. वाटलं, आता तरी हे काही मार्ग काढतील. हे दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत राहिले आणि म्हणाले, ‘आजींचं बरोबर आहे. उतरू नये त्यांनी.’

‘मग उचला.’

‘उचलता येणार नाही.’

‘मग करायचं काय?’

‘थांबायचं,’ हे म्हणाले. मला एवढा संताप आला म्हणून सांगू! मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ चाललाय, आणि आमच्याकडे दोन हट्टी माणसं, एक वर आणि एक खाली, दोघांचंही बरोबर!

तेवढ्यात चौकातला पोलीस शिट्टी वाजवत आला. त्याला वाटलं, म्हातारी आहे, दरडावलं की उतरेल. दार उघडून ऐटीत आत चढला. आम्ही खाली वाट बघतोय. शिट्टी नाही, आवाज नाही. बऱ्याच वेळानं मी टाचा उंचावून बघितलं, तर हा टोपी काढून म्हातारीशेजारी बसलेला. ‘काय हो?’ मी विचारलं.

‘वहिनी,’ तो म्हणाला, ‘मलासुद्धा साहेबांनी दोनच मिनिटं म्हणून ह्या चौकात उभं केलं होतं. केस पिकले माझे. इथे पंखा आहे. मी जरा बसतो.’

मग सलूनवाला म्हणाला, पोलिसाला काय कळतंय, आपण बोलबच्चन माणूस, चुटकीसरशी उतरवतो. तो चढला. त्याच्या मागोमाग त्याचं गिऱ्हाईक चढलं, कारण त्याची एकच बाजू झाली होती आणि दुसऱ्या गालावर फेस वाळत चालला होता. तीही दोघं खाली येईनात! आतून हसण्याचा आवाज यायला लागला. म्हातारी सलूनवाल्याला आरसा धरून देत होती आणि गिऱ्हाइकाला सांगत होती, ‘हलू नकोस रे बाबा, कापेल.’ ड्रायव्हर डोक्याला हात लावून फूटपाथवर बसला. स्वतःच्या आईला उतरवायला गेलो आणि केबिनमध्ये अख्खं बिऱ्हाड झालं, असं त्याचं तोंड झालं होतं.

ह्यांनी आपलं कर्तव्य म्हणून पुन्हा विचारलं, ‘वर कोण?’

‘आम्ही!’ चौघं एका सुरात ओरडले.

आणि ह्या गोंधळात झटपट आला. झटपट म्हणजे रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा टायरवाला. दुकानाचं नावच ते. आमच्याकडे थांबून कंटाळलेली निम्मी गिऱ्हाइकं त्याच्याकडे जातात, म्हणून ह्यांच्यावर त्याचं मोठं प्रेम. आपला जॅक खांद्यावर मारून आला आणि ड्रायव्हरला म्हणाला, ‘एवढंच ना? वरच्यांसकट उचलतो. चहा निवायच्या आत चाक बदलून देतो.’

ड्रायव्हर बुडत्याचा जीव. लगेच म्हणाला, ‘उचल बाबा, उचल.’

हे मधे पडले, ‘अरे, वर चार माणसं आहेत.’

‘तुमच्या हातात दांडा आहे का? नाही ना? मग बाजूला व्हा,’ झटपट म्हणाला. फळी नाही, काही नाही, उन्हानं मऊ पडलेल्या डांबरावरच त्यानं जॅक सरकवला आणि दांडा लावला. वर सलूनवाला वस्तरा चालवतोय, गिऱ्हाइकाचा गळा वर केलेला, म्हातारी आरसा धरून पुढे वाकलेली. एक धक्का बसला असता तर काय झालं असतं, त्याचा विचार आता करवत नाही.

आणि मग आमच्या ह्यांनी जे केलं, ते मी कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ज्या माणसानं उभ्या जन्मात उचललेल्या किंवा उचलायच्या गाडीखाली कुणाचं बोट जाऊ दिलं नाही, त्या माणसानं चपला काढल्या, बाजूला नीट जोडून ठेवल्या आणि सरपटत ट्रकखाली जाऊन उताणा पडला! ऐन पुढच्या आसाखाली. फक्त पाय बाहेर.

‘आता विचार,’ आतून आवाज आला.

झटपट म्हणाला, ‘काय विचारू?’

‘खाली कोण, ते.’

मी धावले. मला भान नव्हतं. ‘अहो, बाहेर या! बाहेर या म्हणते ना! जन्मभर लोकांचं डोकं खाल्लंत आणि आता स्वतः घुसलात? लाज कशी वाटत नाही? मला पांढऱ्या कपाळानं फिरवायचंय का?’ मी ह्यांचे दोन्ही पाय धरून ओढायला लागले. हे आतून म्हणतात, ‘ओढू नकोस. गाडी जमिनीवर आहे. ठोकळे मी लावलेत. जोवर हा दांडा मारत नाही तोवर मला काही होत नाही.’

‘आणि मारला तर?’

‘नाही मारणार. झटपट आहे, खुनी नाही.’

झटपटचा चेहरा पडला. दांडा त्याच्या हातात होता, पण हात खाली जाईना. वर माणसं, खाली माणूस, भोवती गर्दी. तो बिचारा म्हणाला, ‘थांबाभाऊ, हे बरं दिसत नाही हो.’

वर खिडकीची काच पूर्ण उतरली. म्हातारीनं डोकं बाहेर काढलं आणि खाली बघितलं. तिला ह्यांचे पाय तेवढे दिसत असणार. ‘अरे बाबा,’ ती म्हणाली, ‘तू खाली कशाला?’

‘तुम्ही वर आहात म्हणून.’

‘मग मी उतरले तर तू निघशील?’

‘निघेन. पण तुम्ही नाही उतरला तरी चालेल. मला काही घाई नाही.’

म्हातारी म्हणाली, ‘मी उतरले की हा गाडी घेऊन जाईल रे.’ आता ती आमच्याशी बोलत नव्हती, फक्त त्या पायांशी बोलत होती. ह्यांचे पाय हातात धरून मी मटकन रस्त्यावरच बसले.

‘झटपट, आधी जॅक बाहेर घे,’ हे आतून म्हणाले. जॅक निघाला, तसे हे बाहेर आले. पाठ ग्रीसनं माखलेली. उठून सरळ ड्रायव्हरसमोर गेले आणि हात पुढे केला. ‘चावी.’

ह्यांचा हा एक नियम मी सांगितला नव्हता, कारण एरवी त्याच्याकडे कुणी लक्षच देत नाही. हजेरी झाली की गाडी उचलायच्या आधी चावी काढून ह्यांच्या खिशात जाते आणि चाक बसल्याशिवाय परत मिळत नाही. कुणा शहाण्यानं मधेच इंजिन सुरू करू नये म्हणून. ड्रायव्हरनं मुकाट्यानं चावी काढून दिली. एरवीसारखी ती खिशात गेली नाही. हे पायरीवर चढले आणि चावी म्हातारीच्या तळहातावर ठेवली.

‘काम होईतो ही कुणाकडे तरी राहायला हवी,’ हे म्हणाले. ‘माझ्या खिशाला भोक आहे.’

भोकबिक काही नव्हतं. तो खिसा मीच शिवलाय.

म्हातारीनं चावी उलटीसुलटी करून बघितली. मूठ मिटली. मग म्हणाली, ‘सरका रे,’ आणि पोलीस, सलूनवाला आणि त्याचं आता दोन्ही बाजूंनी गुळगुळीत झालेलं गिऱ्हाईक ह्यांना पुढे घालून शेवटी स्वतः उतरली. पोलीसच जरा रेंगाळत होता, त्याला तिनं कोपरानं ढोसलं. आम्ही ट्रकमधलीच एक खुर्ची काढून तिला सावलीत बसवलं.

‘वर कोण?’

‘कोणी नाही!’ काय आवाज निघाला तुम्हाला सांगू! मागे अडकलेल्या गाड्यांतले लोकसुद्धा ओरडले. ‘खाली कोण?’ ‘कोणी नाही!’ मी तर सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.

मग काम सुरू झालं आणि त्या कामात बघण्यासारखं काही नव्हतं, हेच त्याचं कौतुक. चाक जमिनीवरून कागद जाईल एवढं उचललं, घोडी सरकवली, नट काढले, फाटलेला टायर उतरवला, दुसरा चढवला. झटपट कुणी न सांगता नट हातात देत उभा होता. नट आधी हातानं बसवले, गाडी खाली घेतली आणि मग पान्यानं आवळले, शेजारचे ओळीनं नाही, समोरासमोरचे, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. हे निवांत. मागचे हॉर्न केव्हाच थकले होते.

ठोकळे निघाले. ड्रायव्हर आईसमोर आला आणि हात पुढे केला. ‘आई, चावी.’

ती खुर्चीत बसलेली, तो उभा, पण खाली तोच दिसत होता. ती म्हणाली, ‘कुठे जायचंय?’

‘सांगितलं ना, दादाकडे. दोन दि...’

‘कुठे जायचंय?’

तो आमच्याकडे बघायला लागला. मी नजर दिली नाही. माझ्या मनात त्याच्यासाठी त्या वेळी चप्पल होती, खोटं कशाला बोलू? शेवटी तो खाली उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, ‘दादाकडे. राहायला. घरात रोज कटकट होते आई. तू एक बोलतेस, ती एक बोलते, मी दमून येतो आणि... मला नाही जमत.’

‘थोरल्याला माहितीये?’

त्यानं मान हलवली. नाही.

‘म्हणजे तिथेही मला चहाच पाजणार होतास.’

तो रडायला लागला. एवढा मोठा बाप्या, रस्त्यात, गर्दीत. मला वाटलं आता म्हातारी विरघळेल, त्याला जवळ घेईल, डोक्यावरून हात फिरवेल. तसं काही झालं नाही. ती म्हणाली, ‘हे घरी सांगितलं असतंस, तर मी माझी पेटी माझ्या हातानं भरली असती. सुनेनं माझे गरम कपडे घातलेच नाहीत त्यात.’

मग ती उठली. पदर सारखा केला. म्हणाली, ‘चल, थोरल्याकडेच जाऊ. पण तू गाडीतून उतरायचं. माझ्याबरोबर आत यायचं. त्याच्या तोंडावर सांगायचं की आई राहायला आलीये, आणि का, तेही सांगायचं. आणि निघताना मला सांगून निघायचं. गाडी वळवायला गेलो, असं नाही.’

पोलिसानं तिला हात धरून वर चढवलं. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला. तिनं वाकून स्वतः चावी लावली, स्वतः फिरवली आणि म्हणाली, ‘पोचलो की परत काढून घेईन.’ ट्रक गेला. झटपट आपला जॅक खांद्यावर टाकून गेला. मी ह्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की शेवटी माझाच घसा बसला. हे ग्रीसचा शर्ट काढून पाण्याच्या टाकीत बुचकळत होते. ‘पुन्हा कधी गाडीखाली गेलात तर मीच जॅक सोडीन,’ मी म्हटलं. हे म्हणाले, ‘बरं.’

रात्री शटर ओढायच्या बेताला तोच ट्रक उलट्या बाजूनं आला. खुर्च्या उतरवलेल्या. मशीन नाही, पेटी नाही. ड्रायव्हरशेजारची जागा रिकामी. तो इंजिन बंद करून उतरला, पण आत आला नाही, दाराशीच उभा राहिला. डोळे सुजलेले.

‘काका, सांगून आलो,’ तो म्हणाला.

ह्यांनी नुसती मान डोलावली. मला राहवेना. ‘दादा काय म्हणाला?’

‘आधी खूप भांडला. मग आमच्या वहिनीनं खोलीतलं इस्त्रीचं टेबल हलवलं आणि मशीन खिडकीशी लावलं.’

‘आणि आजी?’

‘मी म्हटलं, निघतो. तर म्हणाली, परत कधी येणार? मी म्हटलं, बघू. तर चावी देईना.’ तो हसायला गेला, पण ते काही हसू झालं नाही. ‘मग वार सांगितला. म्हणाली, नक्की? मी म्हटलं, नक्की. तेव्हा कुठे दिली.’

त्यानं नाक पुसलं आणि गाडीकडे वळला. पायरीवर एक पाय ठेवून थांबला.

‘दारापर्यंत सोडायला आली होती,’ तो म्हणाला.